शेवटच्या चेंबरजवळचे दोन खड्डे

हिंदुराव अण्णा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी सांगलीत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून डोळे मिटून बसलो होतो. फोन आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेच्या चेअरमनचा होता. "सर, अण्णा गेले." मी विचारलं, "कुठं?" "कुठं म्हंजी... वारले. सकाळी पाणी सोडून आले, वसरीवर बसले आन् बसल्याजागी मान टाकली." यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? मी म्हणालो, "नीट बघितलं का? उद्या सभा आहे." मागच्या दोन सभांना अण्णांनी ऐनवेळी कंबर धरली होती आणि सभा उठल्याबरोबर त्यांची कंबर सरळ झाली होती, हे मी स्वतः पाहिलेलं. चेअरमन समजूतदार माणूस. एवढंच म्हणाले, "सर, डॉक्टर बघून गेल्यात."

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इंग्रजीच्या मास्तरला जन्मभर एकच संशय पुरतो: हे वाक्य याचं नव्हे, शेजारच्या बाकावरचं आहे. निवृत्त झालो, बाक गेले, संशय मात्र राहिला. त्या दिवशी तसाच धावत स्टँडवर आलो. डोळ्यांत थेंब, सगळ्या पाट्या पाण्यात बुडाल्यासारख्या. कंडक्टरला विचारावं तर तो खरं सांगेल कशावरून, म्हणून स्वतःच्याच डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि विट्याच्या गाडीत बसलो. अण्णांना अग्नी दिला तेव्हा मी विट्याच्या स्टँडवर उलटी गाडी शोधत होतो. गावात पोचलो तेव्हा माणसं आंघोळी करून परतलेली. एकजण म्हणाला, "सर, चावी दाराआड हाय अजून." का म्हणाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

चावीचं सांगायला हवं. आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, नदीपासून लांब, चढावर आहे. कृष्णेचं पाणी पंपानं वर ओढून पाइपातून रानांना द्यायचं काम संस्थेचं. त्या पाइपावर आठ चेंबर आहेत. चेंबर म्हणजे गुडघाभर कठड्याची सिमेंटची पेटी, आत लोखंडी व्हॉल्व्ह. तो फिरवला की त्या भागाला पाणी सुटतं. व्हॉल्व्ह फिरवायची पुरुषभर लांब लोखंडी चावी अण्णांच्या खांद्यावर असायची, आणि पाणी सोडायचं कामही त्यांचंच. फौजेतून हवालदार होऊन आले तेव्हापासून. उंच, पोट आत, मिशी कातरलेली, पायात फौजेतले जुने बूट. त्या बुटांच्या टाचा मागच्या बाजूनं इतक्या झिजलेल्या की अण्णा उभे राहिले की भिंतीला टेकल्यासारखे मागं झुकलेले दिसत.

आता आमच्या भागात कुणालाही विचारा, पाणी पहिल्या चेंबरपासून सोडायचं असतं. नदीकडून आलेलं पाणी आधी पहिल्याला, मग दुसऱ्याला, असं करत उरलंसुरलं शेवटच्याला. अण्णांची रीत उलटी. पाण्याच्या पाळीच्या दिवशी ते सकाळी सकाळी थेट आठव्या चेंबरपर्यंत चालत जात, आधी तो उघडत, तिथं पाणी पोचून रान भिजेपर्यंत थांबत, आणि मग सातवा, सहावा असं करत मागं येत. पहिल्या चेंबरवाले बागायतदार कुरकुरत. अण्णा ऐकून घेत आणि पुढच्या पाळीला पुन्हा आठव्यापासून सुरू करत.

मी गावी राहायला आलो, माझं इंग्रजी पाहून लोकांनी मला संस्थेचा मानद सचिव केलं, आणि मी पहिल्याच महिन्यात सुधारणा आणली. व्हॉल्व्हला मोटरी बसवायच्या, घरबसल्या मोबाइलवर बोट ठेवायचं, पाणी सुटेल. क्रम अर्थातच एक ते आठ. चेअरमन खूश, पहिल्या चेंबरवाले त्याहून खूश. राहिले अण्णा. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "मोटरी बसवा की. चावी मातर मी देत न्हाई."

"मोटरी बसल्यावर चावीचं काम काय, अण्णा?"

"तवा बघू."

एवढंच. कारण नाही, भांडण नाही. कारण न सांगणारा माणूस दिसला की माझा संशय जागा होतो. आठव्या चेंबरखाली कुणाची रानं आहेत ते मी पाहिलं. सगळ्यात मोठं रान बाळगोंडाचं, तिथं त्याची हळद. बाळगोंडा म्हणजे घासून कपडे धुणारा, मोजून बोलणारा जैन शेतकरी. मी ताडलं, इथं काहीतरी देणंघेणं आहे. आणि ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

पुढच्या पाळीला सकाळी सहाला मी आठव्या चेंबरजवळच्या उसात जाऊन बसलो. उसात कधी बसला नसाल तर सांगतो, बसू नका. पानांच्या कडा गालांना, कानांना, मानेला अशा लागतात की तासाभरानं माणूस न्हाव्याच्या हातून सुटलेला दिसतो. अण्णा आले. चावी व्हॉल्व्हला लावली, तिच्या दांड्यात पाइपाचा तुकडा घातला, मागं रेलले आणि फिरवली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. थोड्या वेळानं बाळगोंडा आला, चेंबरच्या कठड्यावर एक तांब्याचा पेला ठेवला, आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. अण्णांनी पेला उचलला, पिऊन टाकला, पाइपातून गळणाऱ्या पाण्याखाली विसळला आणि कठड्यावर पालथा घातला. मला वाटलं, सापडलं. तेवढ्यात अण्णा मान न वळवता म्हणाले, "मास्तर, भाईर या. ऊस लय कापतो."

मी बाहेर आलो. तोंडावर ओरखडे, हातात कारण नसताना छत्री. अण्णांनी नीट निरखून पाहिलं. "शिकार घावली का?"

"फिरायला आलो होतो."

"उसात?"

त्याच दुपारी मी चेअरमनना गुप्त माहिती दिली की अण्णा आठव्या चेंबरवाल्याकडून दर पाळीला लाभ घेतात. "कसला?" "चहाचा." चेअरमननी चष्मा काढला. "सर, साखर किती असती, ते बघितलं का?" मग म्हणाले, "आवं, अण्णा आन् बाळगोंडा बांधावरनं भांडल्यात. बारा वर्सं झाली, दोघं बोलत न्हाईत."

हे मला नवीन होतं. बारा वर्षं ज्याच्याशी बोलत नाही, त्याच्या रानाला माणूस सगळ्यात आधी पाणी का देईल? तुम्हाला उत्तर सुचलं असेल. मला फक्त संशय सुचला, आधीपेक्षा मोठा. बोलत नाहीत हेच ढोंग असणार.

आणि याच काळात माझ्या हातून ते घडलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना आठवत असेल, दर रविवारी मी इंग्रजीतला एक वाक्प्रचार घेऊन त्याचा अर्थ आणि उपयोग सांगत असे. त्या आठवड्यात घेतला 'डिग युवर हील्स इन'. शब्दशः, टाचा रोवणे. अर्थ दिला: बदलाला हट्टानं विरोध करणे, कुणी कितीही समजावलं तरी जागचं न हलणे. इथवर ठीक होतं. उपयोगासाठी एक वाक्य लागतं. मी लिहिलं की एका खेड्यातले एक निवृत्त हवालदार पाण्याच्या जुन्या चावीसाठी टाचा रोवून बसले आहेत. इंग्रजीत. नाव घातलं नाही, आणि स्वतःच्या सभ्यपणावर खूश झालो. महाराष्ट्रात निवृत्त हवालदार पुष्कळ. पण पाण्याच्या चावीसाठी अडून बसलेला एकच, हे गावाला कळायला सोमवार उजाडावा लागला नाही. कुणीतरी ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं संस्थेच्या फळ्यावर खडूनं उतरवलं. खाली माझ्याहून चांगल्या अक्षरात: 'अर्थ सरांना विचारावा.'

अण्णा विचारायला आले. मी ओट्यावर वाटाणे सोलत होतो. "मास्तर, फळ्यावर माझं काय लिवलंय?"

त्यांच्या हातात चावी होती. ती काही उगारलेली नव्हती, पाळीचा दिवस होता एवढंच. पण पुरुषभर लोखंडाकडे बघून वाक्प्रचाराचा अर्थ बदलतो. मी म्हणालो, "चांगलं लिहिलंय, अण्णा. म्हणजे, जो माणूस भक्कम उभा राहतो... सगळ्यांचा भार स्वतःवर घेतो... त्याच्याबद्दल इंग्रज असं म्हणतात."

"व्हय?"

"हो."

"मग हील्स म्हंजी?"

"टाचा."

अण्णांनी चावी भिंतीला टेकवली आणि माझ्या अंगणात, वाटाण्याच्या सालींमध्ये, टाचा रोवून उभे राहिले. बटालियनच्या रस्सीखेचीच्या संघात ते शेवटचे गडी होते, हे मला त्या दिवशी कळलं. आठ जणांत सगळ्यात मागचा, दोर पाठीवरून काखेतून घेतलेला. "कोच रोज वरडायचा, हील्स, हील्स. पर मास्तर, तुमच्या इंग्रजांना सांगा, टाच रवायची ती थांबायला न्हाई. रस्सीखेचीत जो फुडं सरकला तो हरला. जितायचं तर मागं सरकायचं. एक टाच रवायची, दुसरी उचलायची, बोटभर मागं. पुना रवायची. दोन्ही रवून ऱ्हायला तो गडी कामाचा न्हाई." हे सांगताना ते खरोखरच टाचाटाचांनी मागं सरकत तुळशीपर्यंत गेले. "आन् शेवटच्याला समदं कळतं. फुडचे सात वढत्यात का नुसता दोर धरून हायती, ते दोरातनं हाताला कळतं. मधी एक ढिला पडला, की पयला मला."

मी मान डोलावली. वाटाणे सोलत राहिलो. ते गेल्यावर मात्र एक शंका आली ती अण्णा असेपर्यंत गेली नाही. जो माणूस रोज 'हील्स' ऐकत होता, तो मला हील्सचा अर्थ का विचारेल? रविवारचा पेपर संस्थेत येतो, मराठी तर त्यांना वाचता येतच होतं. अण्णांना माझं खोटं कळलं होतं का? मी त्यांच्या पाठीमागं त्यांना हट्टी म्हटलं आणि तोंडावर भक्कम. त्यांनी यातलं काय खरं धरलं, हेच मला तेव्हा कळलं नाही.

मोटरी बसल्या. चाचणीची पाळी आली तेव्हा आम्ही जावयांनी नेलं म्हणून महाबळेश्वरला होतो. पुढं काय झालं ते सांगायला लाज वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कृष्णा जिथून निघते त्या गावात, हॉटेलच्या गच्चीत, हातात स्ट्रॉबेरीचा पेला, आणि विहीणबाईंसमोर मी मोबाइल काढला. "हे बघा, इथून मी आमच्या गावाला कृष्णेचं पाणी देतो." एकेका चेंबरवर बोट ठेवलं. एक हिरवा, दोन हिरवा... आठही हिरवे. विहीणबाई म्हणाल्या, "अय्या, भगीरथच की." मला ते मनापासून खरं वाटलं.

परत आलो तेव्हा चौथ्या चेंबरजवळ पाइपाचा सांधा सुटून ओढा भरून वाहिलेला होता. पाचव्यापासून पुढं थेंब पोचला नव्हता. आठवा व्हॉल्व्ह मात्र उघडाच होता. मोबाइल खोटं बोलला नव्हता, व्हॉल्व्ह उघडला का एवढंच मी त्याला विचारलं होतं. बाळगोंडाच्या हळदीची पानं सुरळी होऊन पिवळी पडलेली, आणि पुढची पाळी आठ दिवसांवर. अण्णा चौथ्या चेंबरजवळ मांडी घालून सांध्याला रबर बसवत होते. माझी तयारी होती, ते चार शब्द ऐकवतील. त्यांनी एवढंच विचारलं, अगदी शिकायला आल्यासारखं, "मास्तर, हिरवं म्हंजी काय हो?"

तेव्हा कुठं मला त्यांच्या उलट्या रितीचा अर्थ लागायला सुरुवात झाली. पाणी शेवटच्याला पोचलं म्हणजे मधले सगळे सांधे धड आहेत. पहिल्यापासून सुरू केलं तर पहिला भिजला की घरी जातो, दुसरा भिजला की घरी जातो, आणि शेवटच्याच्या रानात पाणी आलं का हे बघायला कुणी उरत नाही. शेवटचा गडी बाळगोंडा असो की सख्खा भाऊ, दोर तिथंच हाताला लागतो. त्यांनी हे मला माझ्या अंगणात टाचांवर चालून दाखवलं होतं. मी वाटाणे सोलत होतो.

त्यानंतरची सभा अण्णा टाळतील अशी माझी खात्री होती. ते पहिल्या रांगेत येऊन बसले. चेअरमन म्हणाले, सांध्याचा दोष, मोटरींचा नव्हे. आता अण्णांनी चावी संस्थेत जमा करावी. अण्णा उठले. "जमा करतो. फकस्त मास्तरांनी आधी फळ्यावरच्या त्या वाक्याचा अर्थ सगळ्यास्नी सांगावा. मला सांगितलाय, तसाच."

सभेत सगळ्यांनी रविवारचा पेपर वाचलेला. खरा अर्थ सांगावा तर अण्णांसमोर मी खोटा, खोटा सांगावा तर गावासमोर. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "जो माणूस भक्कम उभा राहून... सगळ्यांचा भार स्वतःवर घेतो, तो." मागं कुणालातरी एकाएकी खोकला झाला. मग तो साथीसारखा पसरला. बाळगोंडा तेवढा खोकला नाही. तो उभा राहिला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा, अण्णांकडे न बघता का होईना, अण्णांबद्दल बोलला, "सर बरोबर सांगत्यात. चावी ऱ्हाऊ दे." विषय पुढच्या सभेवर गेला, तिथून पुढच्या. अण्णा माझ्या शेजारून जाताना मिशीत हसले, की मला तसं वाटलं... नक्की सांगता येत नाही.

मी कबूल करायचं ठरवत राहिलो. दर रविवारी नवा वाक्प्रचार लिहिताना वाटायचं, आज जावं. शेवटची भेट त्यांच्या वसरीवर झाली, जायच्या चार दिवस आधी. ते बुटाच्या टाचेला खिळा ठोकत होते. मी म्हणालो, "अण्णा, ते फळ्यावरचं वाक्य..." ते म्हणाले, "कुठलं? कवाचं? च्या घ्या." मी चहा घेतला. तो लाभ माझा.

अण्णा गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींकडे गेलो. अण्णांच्या पत्नी फार बोलत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्थ आणि उपयोग दोन्ही. त्यांनी चुलीवरचं दूध खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं की. पेपर आणून मला वाचून दावला हुता. म्हणले, मास्तरनं पेपरात खरा अर्थ लिवला आन् माझ्यापुढं खोटा सांगितला, पर खोटा सांगितला त्योच बरोबर हाय."

घरी येताना संशय आलाच, की मला बरं वाटावं म्हणून वहिनींनी हे रचलं असेल. पण वहिनी काही रचणाऱ्यांतल्या नाहीत. आणि दाराआडची चावी त्यांनी माझ्याच हातात दिली, "तुमाला द्या म्हणले हुते" असं म्हणून. ते कधी म्हणाले, हे मी विचारलं नाही. आयुष्यात प्रथमच काहीतरी न विचारता घेतलं.

चेअरमननी परवा आठवण केली, चावी संस्थेत जमा करा. मी म्हणालो, "मोटरी चालू ठेवा. चावी मी देत नाही." ते हसले. "सर, तुमचाबी वाक्प्रचार झाला म्हणायचं."

गेल्या पाळीला मी आठव्या चेंबरवर गेलो. मोबाइल हिरवा होता, पण या वेळी तो खरंच खोटं बोलला होता; पाणी नव्हतं, मोटर अडकलेली. चावी लावली, दांड्यात पाइप घातला, ओढला. व्हॉल्व्ह ढिम्म. माझ्या चपला चिखलावरून घसरल्या आणि मी बसलो. बाळगोंडा केव्हा येऊन उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, "सर, खड्ड्यात टाचा घाला." मी खाली पाहिलं. चेंबरसमोर जमिनीत दोन खड्डे होते, गोल, कडा गुळगुळीत झालेल्या, तळाशी घट्ट. इतक्या वर्षांच्या टाचांनी पाडलेले. मी उसात बसून त्या माणसाच्या हाताकडे बघत होतो, काय घेतो ते दिसावं म्हणून. पायांकडे पाहिलंच नव्हतं.

चपला काढल्या. खड्डे माझ्या मानानं एकमेकांपासून लांब होते, पाय फाकवावे लागले. टाचा आत बसल्या, मागं रेललो, आणि व्हॉल्व्ह बोटभर हलला. मग आणखी बोटभर. पाइपात आधी हवा सुस्कारली, मग पाणी आलं, हळदीच्या सरीत शिरलं. बाळगोंडा घराकडे गेला आणि पेला घेऊन आला. कठड्यावर ठेवून निघून गेला.

सरी भिजेपर्यंत मी थांबलो. चहात साखर बेताचीच होती. पिऊन झाल्यावर पेला गळत्या पाण्याखाली विसळला आणि कठड्यावर पालथा घातला.